कव्हर मागणाऱ्या सगळ्यांसाठी

परवा एक काकू काउंटरवर आपली पैठणी हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हिला कव्हर कुठंय? नक्की धुतलीस ना?" साडी स्वच्छ होती, घडी नीट होती, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली होती. फक्त वर चकचकीत प्लास्टिक नव्हतं, म्हणून त्यांना ती धुतल्यासारखी वाटेना. मला त्यांचा राग नाही आला. तीस वर्षं ही सवय आम्ही लाँड्रीवाल्यांनीच लावली आहे.

गेल्या दिवाळीपासून आमच्या दुकानात प्लास्टिक कव्हर बंद केलं. तेव्हापासून रोज कुणाला तरी कारण सांगावं लागतं, म्हणून आज एकदाच सगळं लिहिते.

आम्ही परीट. आजोबा पुण्यात मुठा नदीच्या काठावर कपडे धुवायचे, भट्टी लावायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पुरात भट्टी आणि गिऱ्हाइकांचे कपडे दोन्ही गेलं. पुढे वडिलांनी कोथरूडला दुकान टाकलं. माझ्या लहानपणी धुतलेले कपडे वर्तमानपत्रात बांधून, वर सुतळी आवळून जायचे. कागद रद्दीत जायचा, सुतळी घरोघरी डब्यात जपून ठेवलेली असायची. कुणाचा कपडा ते कळायला कॉलरच्या आत पक्क्या शाईची खूण, त्यामुळे चिठ्ठी नाही, पिन नाही. याला तेव्हा कुणी पर्यावरणपूरक म्हणत नव्हतं, धंद्याची पद्धतच तशी होती. मग हँगर आले, कव्हरं आली आणि त्याच्या जोरावर आम्ही दर वाढवले.

त्या कव्हराचं पुढे काय होतं, हे मला आमच्या गल्लीत कचरा गोळा करणाऱ्या ताईंनी दाखवलं. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. आपल्या शहरात सुका कचरा भंगारवाल्यापर्यंत पोहोचतो तो या बायकांच्या हातांनी वेगळा होऊन. मी मोठ्या अभिमानाने त्यांना कव्हरांची पिशवी दिली. त्यांनी एक कव्हर चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "हे फुंकलं तरी उडतंय, किलो कधी भरायचा? त्यात तुमची चिठ्ठी, पिन आणि चिकटपट्टी. ते काढत बसले तर दिवस जातो."

कागदावर ते प्लास्टिक पुनर्वापराजोगं आहे, पण त्यांच्या हातात त्याला भाव नाही. आपण 'रिसायकल होतं' असं म्हणून मोकळे होतो, तेव्हा कुणाच्या तरी दिवसभराच्या फुकट मेहनतीवर ते वाक्य उभं असतं. त्या दिवसानंतर मी तो शब्द जपून वापरते.

आणि कव्हराने कपड्याचं भलंही होत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ओल असते. प्लास्टिकमध्ये कोंडलेल्या रेशमाला बुरशी धरते, जरीचे काठ काळे पडतात. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गौरीसाठी साड्या बाहेर निघतात आणि डाग पडलेल्या साड्यांची रांग लागते. त्यातल्या निम्म्याहून जास्त आमच्याच कव्हरात वर्षभर ठेवलेल्या असतात. कपडा कुठूनही ड्रायक्लीन करून आणला तरी घरी गेल्यावर आधी कव्हर काढा आणि हवेवर टांगा. कपडा ज्या रसायनात धुतात त्या द्रावकाचा वास कपड्यात राहिलेला असतो, तो झोपायच्या खोलीत नको.

आता द्रावकाबद्दल, कारण खरी काळजी मला याची आहे. ड्रायक्लीन म्हणजे कोरडी धुलाई, असा बऱ्याच जणांचा समज असतो. कपडा चांगला भिजतो, फक्त पाण्यात भिजत नाही. छोट्या दुकानांत बहुधा एमटीओ वापरतात, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, पेट्रोलियमचाच प्रकार. मोठ्या मशीनमध्ये पर्क, म्हणजे परक्लोरोइथिलीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पर्कला 'माणसाला कर्करोग होण्याची दाट शक्यता' असलेल्या गटात टाकलं आहे. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये नियम करून २०२३ पर्यंत ड्रायक्लीनिंगमधून ते हद्दपार केलं. पर्क पाण्यापेक्षा जड असतं. जमिनीत झिरपलं की खाली खाली जातं आणि भूजलात बसून राहतं.

वडिलांकडे पर्कचं मशीन होतं. मागच्या खोलीत, एकच खिडकी. संध्याकाळी त्यांचं डोकं जड व्हायचं, ते म्हणायचे, उन्हाचा त्रास आहे. आम्हीही तेच धरून चाललो. मशीनच्या तळाशी साचणारा गाळ आणि जुने फिल्टर हा घातक कचरा असतो. त्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प रांजणगावला आहे. पण आमचा गाळ अनेक वर्षं साध्या कचऱ्यात गेला, हे मी इथे कबूल करते. त्या वेळी आमच्या घंटागाडीवर कोण होतं, कुणी त्यात हात घातला असेल, याचा विचार केला की आजही झोप लागत नाही.

ते मशीन आम्ही बंद केलं आणि कर्ज काढून पाण्यावर चालणारं नियंत्रित धुलाईचं मशीन घेतलं. ड्रम हळू फिरतो, पाणी थंड, साबण सौम्य, वाळवताना ओलावा किती उरला ते मशीनच बघतं. पण खरं काम पुढे इस्त्रीवर आहे. पाण्यातून निघालेला ब्लेझर पुन्हा आकारात आणायला हात कसलेला लागतो आणि वेळही दुप्पट जातो. म्हणून ब्लेझरला आता चार दिवस सांगतो. लोकरीचे कपडे, सूट, बऱ्याचशा रेशमी साड्या असे पाण्यात निघतात. जड जरीकाम, कच्चा रंग आणि जुनं भरतकाम मात्र पाण्यात धुता येत नाही. ते अजूनही द्रावकातच जातं, बाहेर, बंदिस्त मशीन असलेल्या ठिकाणी. म्हणून दारावर 'शंभर टक्के ग्रीन' अशी पाटी मी लावलेली नाही आणि लावणारही नाही.

आणि कृपा करून साध्या सुती कुर्त्याला ड्रायक्लीन सांगू नका. त्याला घरची बादली पुरते.

पाण्याचं म्हणाल तर गुरुवारी पाणी बंद असलं की आम्हाला आपोआप अक्कल येते. शेवटच्या विसळण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते टाकीत साठवून पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरतो. पावडर मापानेच घालतो. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, असं मुळीच नाही. जादा साबण कपड्यातच राहतो, तो काढायला आणखी पाणी लागतं. आणि गटारातून गेलेला फेस कुठे जातो, ते आळंदीला इंद्रायणीवर बघितलंय आपण सगळ्यांनी. फॉस्फेटवाला साबण नदीत गेला की जलपर्णीला खत मिळतं. ज्या मुठेने आमच्या तीन पिढ्यांना जेवायला घातलं, तिच्यात हे सोडताना मला आजोबा आठवतात.

कव्हराऐवजी आता जुन्या चादरींच्या शिवलेल्या खोळी देतो. पन्नास रुपये अनामत, खोळ परत आणलीत की पैसे परत. काही जण 'कापडी' म्हणून लग्नात मिळालेल्या न विणलेल्या पिशव्या घेऊन येतात. त्या कापडाच्या नसतात हो, पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. तेही प्लास्टिकच, थोड्या दिवसांनी त्याचा भुगा होतो. फाटेपर्यंत वापरा, पण नवीन घेऊ नका.

धंदा कमी झाला का? हो, काही गिऱ्हाइकं गेली. दोन बिल्डिंगा जवळजवळ पूर्ण गेल्या. शेजारी अॅपवरून कपडे उचलणारे आहेत, ते एकेका शर्टाला कव्हर घालून देतात. कव्हरांचे पैसे वाचले, ते खोळी शिवण्यात गेले. हिशोब अजून बरोबरीला आलेला नाही.

आमच्या काउंटरवर गाडगेबाबांचा फोटो आहे, बऱ्याच लाँड्र्यांमध्ये असतो. ते आमच्याच समाजातले. अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, हातात खापराचं गाडगं, त्यातच जेवायचे. गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे. लहानपणापासून त्या फोटोला हार घालते आहे, पण त्यांच्या अंगावरचं ते वस्त्र मी नीट पाहिलं ते या खोळी शिवायला घेतल्यावर.

आता एक काम सांगते. तुमच्या कपाटात आमचे तारेचे हँगर नक्की असतील, कुणाकडे वीस, कुणाकडे चाळीस. त्यांच्यावर प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे भंगारवालाही तोंड वाकडं करतो. दुकानाच्या पायरीशी निळं पिंप ठेवलंय, त्यात आणून टाका. कुठल्याही लाँड्रीचे चालतील, वाकलेलेही चालतील. माझा मुलगा संध्याकाळी बसून सरळ करतो.