गरोदरपणात सीटबेल्ट नको, या संदेशाविषयी

‘गरोदर बाईने गाडीत सीटबेल्ट लावू नये, पट्ट्याचा दाब बाळावर येतो, बाळाला गर्भजल सांभाळते, त्यामुळे बाहेरून जखम नसेल तर दवाखान्यात धावू नये, मातामृत्यूंच्या आकड्यांत अपघात दिसतात तरी कुठे?’ असा एक संदेश व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरतो.

अपघात त्या आकड्यांत दिसत नाहीत, एवढे खरे आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनेच अपघाती मृत्यू मातामृत्यूंतून वगळले आहेत. २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ मातामृत्यू नोंदले गेले. ट्रकखाली सापडलेली गरोदर स्त्री त्यांत धरलेलीच नाही. प्रत्यक्षात, गरोदर स्त्रियांच्या मृत्यूच्या, प्रसूतीशी थेट संबंध नसलेल्या कारणांमध्ये शारीरिक आघात हे प्रमुख कारण मानले जाते आणि त्यातही वाहन-अपघात पुढे असतात.

पट्ट्याचा दाब बाळावर येतो तो पट्टा चुकीच्या जागी असला तर. खालचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून जायला हवा आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने. साडीत निऱ्यांच्या फुगवट्यावरून तो हळूहळू पोटावर सरकतो, म्हणून बसल्यावर निऱ्या चापून पट्टा हाताने खाली घ्यावा. पट्टाच नसेल तर आई डॅशबोर्डवर आदळते, आणि आई गेली तर बहुधा बाळही जाते.

गर्भजलाचा मुद्दा सर्वांत घातक आहे. गर्भाशयाची भिंत लवचिक असते, वार (भिंतीला चिकटून बाळाला रक्तातून पोषण पुरवणारा अवयव) तशी नसते. जोराच्या हादऱ्याने भिंत ताणली गेली की वार तिच्यापासून सुटते, आणि रक्त आतल्या आत साठून बाहेर थेंबही दिसत नाही असे होऊ शकते. त्यात गरोदरपणी शरीरातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असल्यामुळे बराच रक्तस्राव होईपर्यंत नाडी आणि रक्तदाब ठीक वाटतात. ‘मला काही झाले नाही’ हे तिचे म्हणणे प्रामाणिक असते, पण पुरेसे नसते. म्हणूनच पाचव्या महिन्यानंतर पोटाला मार किंवा जोराचा हादरा बसला असेल तर किमान चार तास बाळाचे ठोके आणि कळा यांवर यंत्राने लक्ष ठेवतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे) ७२ तासांच्या आत द्यायचे असते. (घरातल्या मारहाणीनंतर ‘पाय घसरून पडले’ असे सांगितले जाते, तेव्हाही तपासणी हीच.)

दवाखान्यात नेतानाही तिला उताणे ठेवू नये, कारण वाढलेले गर्भाशय मोठ्या रक्तवाहिनीवर दाबले जाऊन रक्तदाब उतरतो. तिला डाव्या कुशीकडे कलते ठेवतात. कण्याला इजा झाल्याची शंका असेल तर ज्या फळीवर झोपवले असेल त्या फळीसकट कलते ठेवतात.