'पगारदार मास्तर' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. सातवीच्या मुलांकडून मी जमाखर्चाची वही लिहून घेतो, त्यावरच्या लेखाखाली आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. "एक तारखेला पगार जमा होणाऱ्या मास्तरांनी हातावर पोट असलेल्यांच्या पोरांना काटकसर शिकवू नये," असं आपण लिहिलंत. शिवाय माझा हिशोब चुकलाय, या मुलांची बँकेत खाती कुठून असणार, आणि त्यांना घरखर्च विचारायला लावणं गैर आहे, असंही.

आधी चूक. रोज 10 रुपये वाचवले तर वर्षाला 3650, असं मी लिहिलं होतं. पण खाऊचे पैसे शाळेच्या दिवशीच मिळतात, आणि सहावी ते आठवीची शाळा साधारण 220 दिवस भरते. म्हणजे 2200. मान्य, लेखात दुरुस्त केलंय.

आता ते वाक्य. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. मुद्दा मांडायला माझ्या पगारावर घसरायची काय गरज होती? मी कुठून आलो हे आपल्याला ठाऊक आहे का?

माझे वडील इचलकरंजीत माग चालवायचे. दुसऱ्याचे. मीटरवर मजुरी, आठवड्याला हिशोब, माग बंद तर मजुरी बंद. आई कांड्या भरायची. मी सातवीत असताना बहिणीच्या आजारपणात वडिलांनी 5000 रुपये काढले, शेकडा पाचनं. महिन्याला 250. ते पोचवायचं काम माझ्याकडे, कारण सावकाराचं घर शाळेच्या वाटेवर होतं. आई नोटांची घडी गणिताच्या वहीत घालून द्यायची. तो माणूस दारातच पैसे मोजायचा आणि म्हणायचा, "बापाला सांग, मुद्दल तसंच आहे." वीस महिन्यांत आम्ही 5000 भरले आणि 5000च बाकी राहिले.

त्याच वहीत मी सरळव्याजाची गणितं सोडवत होतो. द.सा.द.शे. 8, द.सा.द.शे. 10. पैकीच्या पैकी मार्क. पण महिन्याला शेकडा पाच म्हणजे द.सा.द.शे. 60, हे त्या वर्गात मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कर्ज टळलं असतं असं नाही, औषधं तर आणायचीच होती. पण दिवाळीचा बोनस आला तेव्हा मी आईला म्हणालो असतो, यातले निम्मे मुद्दलात घाल. ते म्हणणारं घरात कुणी नव्हतं. आणि तुम्ही मला सांगता, हे पगारदारांचे चोचले आहेत!

म्हणून माझ्या वहीचं पहिलं पान काटकसरीचं नाही, व्याजाचं आहे. लेखात तसं लिहिलंय. तिथवर आपण वाचलं नसावं. गेल्या महिन्यात एका मुलीनं भावाच्या मोबाईलच्या हप्त्यांचा हिशोब मांडून आणला. रोख किंमत 12000. हप्ता 1400, असे दहा, वर फाईल चार्ज 600. तिनं खाली 2600ला दोन रेघा मारल्या होत्या आणि विचारलं, "सर, हे 2600 कशाचे?" तिचे वडील गवंड्याच्या हाताखाली जातात, एक तारीख त्यांच्याही घरी नाही. या मुलीला मी काय उत्तर द्यायला हवं होतं? तुझा बाप पगारदार नाही, तू विचारू नकोस?

ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याची चूक खपून जाते. आमच्याकडे एक चूक वीस महिने पुरली. तुमच्या प्रतिक्रियेत कळवळा आहे, पण तो वरून खाली बघणारा आहे, आणि तो मी लहानपणी पुष्कळ पाहिलाय.

खात्यांचं म्हणाल तर दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावानं बचत खातं चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं 2014 मध्येच बँकांना दिली आहे. चौकशी करायला हवी होती. घरखर्च विचारण्याबद्दल माझ्याकडे आजवर एकाही पालकाची तक्रार आलेली नाही. तो विषय माझ्यापुरता संपला.

पुन्हा जरूर लिहा. फक्त त्या वेळी आपण स्वतः कोणत्या वर्गावर, किती वर्षं शिकवलंत तेही लिहा.