पाच किलोवॅटच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. सोसायटीच्या, शाळेतल्या वर्गमित्रांच्या, आणि नातेवाइकांच्या दोन. ‘घरावर सोलर बसवताय? डीलर हे तुम्हाला सांगणार नाही!’ असं वर ठळक शीर्षक आणि पुढे तीन लाल दिवे. आतला मजकूर थोडक्यात असा. पॅनेल ३ किलोवॅटची असली तरी ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसीत बदलून थेट लाइनीत सोडणारा) ५ किलोवॅटचाच घ्या, युनिट जास्त पडतात. लाईट गेली की हा इन्व्हर्टर बंद पडतो, ती कंपन्यांची हायब्रिड (बॅटरी जोडून लाईट नसतानाही चालणारा) खपवायची चाल आहे. घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरची वायर त्याला जोडा, लगेच सुरू होतो. एका पॅनेलवर सावली पडली की एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलची सगळी माळ शून्य होते, म्हणून सावली येत असेल तर मायक्रोइन्व्हर्टरच (दर पॅनेलखाली वेगळा छोटा इन्व्हर्टर), नाहीतर पैसे पाण्यात. दुपारी सारखा ट्रिप होतो म्हणजे माल खराब, बदलून मागा. आणि शेवटी, एफिशिअन्सी ९८ टक्क्यांच्या वर आणि वॉरंटी १० वर्षं एवढं बघा, मग डोळे झाकून घ्या.

मी हीच कामं घेतो, म्हणजे मेसेजमधला ‘डीलर’ मीच. तीनच्या जागी पाचचा इन्व्हर्टर विकला तर मला चार पैसे जास्तच सुटतात, हे आधीच सांगून टाकतो.

यातला दुसरा मुद्दा जिवावर बेतणारा आहे, म्हणून क्रम मोडून आधी तोच घेतो.

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःचा ताल धरत नाही. लाइनीतून येणारी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची लय तो ऐकतो आणि तिच्यात आपला करंट मिसळतो. लाईन गेली की त्याने थांबायचंच असतं, आणि ते कंपनीच्या मर्जीवर नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या नियमांत व्होल्टेज ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेलं की २ सेकंदांत सुटायचं आणि लाईन परत आल्यावर निदान ६० सेकंद थांबून मगच जोडायचं, असं लिहिलेलं आहे. कारण साधं आहे. लाईट गेली म्हणजे पुष्कळदा कुणीतरी वायरमन खांबावर किंवा डीपीपाशी काम करत असतो. तुमच्या गच्चीवरून २३० व्होल्ट उलटे गेले, तर डीपीतला ट्रान्सफॉर्मरही उलटा चालतो आणि वरच्या तारांवर ११ हजार व्होल्ट उभे राहू शकतात. आळीतल्या सगळ्या घरांचा लोड तुमच्या छोट्या इन्व्हर्टरला बहुतेक वेळा दाबून टाकेल, हे खरं. पण ‘बहुतेक वेळा’च्या भरवशावर कुणी तारेला हात लावत नाही.

आता ती वायर जोडायची युक्ती. घरात बॅटरीवर चालणारा ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आहे, दुपारचा एक वाजलाय, लाईट गेलीय. ऑन-ग्रिडला त्या बॅटरीवाल्याची लय मिळाली, तो फसला आणि सुरू झाला. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे! पुढचं त्यात नाही. पॅनेल अडीच किलोवॅट ढकलतायत आणि घरात चालू आहेत दोन पंखे आणि फ्रिज, म्हणजे तीनशे वॅट. उरलेले बावीसशे जाणार कुठे? ग्रिड असताना ते शेजारच्या घरात जातात. आता रस्ता एकच, त्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून उलटे आत. तो त्यासाठी बनवलेला नसतो. व्होल्टेज उसळतं आणि कुठलंतरी बोर्ड जातं. असा उघडलेला एक इन्व्हर्टर माझ्या टेबलावर आला होता. मॉस्फेटच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) दोन रांगा कोळशासारख्या झालेल्या, सर्किट बोर्डाला करंगळी जाईल एवढं भोक, आणि तो जळका वास दोन दिवस दुकानातून गेला नाही. मालकांनी सांगितलं, सगळा मिळून अर्धा मिनिट चालला. सोसायटीच्या जनरेटरलाही हेच लागू. चेंजओव्हरनंतर, म्हणजे लोड लाइनीवरून जनरेटरवर गेल्यावर, सोलर जनरेटरच्या बाजूला राहिलं, तर लोड कमी असताना उलटी पॉवर त्याच्यात जाते.

बॅटरीच्या बाजूने सोलर चालवता येतं, पण त्यासाठीचा बॅटरी इन्व्हर्टर वेगळा असतो. जास्त झालं की तो फ्रिक्वेन्सी किंचित वाढवतो आणि ते ओळखून सोलर इन्व्हर्टर आपलं उत्पादन कमी करतो. दोघांनाही ही भाषा यावी लागते. नाहीतर सरळ हायब्रिड घ्यावा.

हायब्रिड ही चाल आहे का? माझं मत, ते तुमच्या गावावर आहे. पुण्या-नाशिकच्या शहरी भागात महिन्याला चार-सहा तास लाईट जात असेल आणि घरी पंखे-दिव्यांपुरता बॅटरी इन्व्हर्टर आधीच असेल, तर हायब्रिड आणि लिथियम बॅटरीचा खर्च भरून यायला फार वर्षं लागतात. शिवाय पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेचं अनुदान सोलरच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीचे वेगळे पैसे त्यात नाहीत. पण कोकणात हेच मी सांगणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. वर उघडिपीचं ऊन, गच्चीवर पॅनेल आणि घरात मोबाइल चार्ज करायची सोय नाही, हे ज्यांनी भोगलं त्यांनी हायब्रिड घ्यावा. मी अडवणार नाही.

मग पहिला मुद्दा, तीनच्या पॅनेलला पाचचा इन्व्हर्टर. विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवली म्हणून झरा वाढत नाही, इथेही तेच. ५४० वॅटची सहा पॅनेल म्हणजे कागदावर ३२४० वॅट. हा आकडा प्रयोगशाळेतला: दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरचा सेल ६० ते ६५ अंशांवर असतो. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्का उत्पादन घटतं, म्हणजे बारा ते चौदा टक्के तिथेच गेले. धूळ आणि वायरिंगचं थोडं धरा. इन्व्हर्टरपर्यंत पोचतात सव्वीस-सत्तावीसशे वॅट. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर इथे भरतच नाही. पावसाळ्यात ढगाची कड सरकून एकदम ऊन आलं की क्षणभर तीन हजारांच्या वर जाईल आणि वरचं कापलं जाईल, त्याची वर्षाची बेरीज अगदी किरकोळ असते.

पाचचा घेतला तर नुकसान काय? एक फेजचा असेल तर फक्त पैशांचं. थ्री-फेजचा घेतलात (‘कनेक्शन थ्री-फेज आहे ना, मग इन्व्हर्टरही तसाच’ असं सांगून तो गळ्यात मारतात) तर युनिटचंही. त्याला सहाशे व्होल्टच्या आसपास डीसी आवडतो. तुमची सहा पॅनेल एका माळेत मिळून साधारण २४९ व्होल्ट देतात, तेही सेल २५ अंशांवर असताना. तापल्यावर २१५ च्या आसपास. काही मॉडेलं एवढ्यावर सुरू होतात, पण सकाळी उशिरा उठतात आणि संध्याकाळी लवकर झोपतात.

उलटी चूकही करू नका. योजनेत अनुदानासाठी पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी जी क्षमता कमी ती धरतात. पूर्ण ७८ हजार ३ किलोवॅटला मिळतात. पॅनेल सव्वातीनची आणि इन्व्हर्टर अडीचचा बसवला तर तुमची यंत्रणा अडीचचीच.

मेसेजवाल्याने किलोवॅटपेक्षा अँपिअर बघायला सांगितलं असतं तर मी त्याला दुवा दिला असता. हल्लीच्या मोठ्या पॅनेलचा करंट १३ अँपिअरच्या वर जातो. गोदामात पडून राहिलेले काही जुने इन्व्हर्टर ११ अँपिअरपर्यंतच घेतात, वरचा करंट सोडून देतात. ते ‘डिस्काउंट’मध्ये येतात. पेटीवरच्या लेबलवर ‘कमाल इनपुट करंट’ अशी ओळ असते. ती वाचायला अर्धं मिनिट पुरतं.

आता दुपारच्या ट्रिपिंगचं. यावर मी जरा जास्तच बोलणार, कारण निम्म्या तक्रारी याच्या असतात आणि त्यांत इन्व्हर्टर बिचारा निर्दोष असतो.

कराडजवळच्या एका घरी इन्व्हर्टर दोनदा बदलून झाला होता. अकरा वाजले की लाल दिवा, स्क्रीनवर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’, मिनिटभराने पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी गेलो तेव्हा मीटरपाशी मल्टिमीटर लावला: २४९. सोलर बंद असताना गच्चीवर इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरही २४९. सोलर सुरू केलं आणि आकडा चढत चढत २५४ वर गेला, तिथे खटकन बंद. २३० च्या ११० टक्के म्हणजे २५३. इन्व्हर्टर नियम पाळत होता, एवढाच त्याचा गुन्हा.

मग ते पाच व्होल्ट आले कुठून? गच्चीवरून मीटरपर्यंत ३० मीटर वायर ओढली होती, अडीच (चौरस) एमएमची. जाऊन-येऊन ६० मीटर. अडीच एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम, म्हणजे ६० मीटरला ०.४४. तीन किलोवॅटला १२ अँपिअर. बारा गुणिले ०.४४, सव्वापाच व्होल्ट. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला मीटरपेक्षा तेवढं वर चढावंच लागतं. तिथे सहा एमएमची वायर टाकली, चढण सव्वादोन व्होल्टवर आली, इन्व्हर्टर २५१ वर चालू लागला. जुनाच इन्व्हर्टर, जो बदलून मागायचा चालला होता. याच घरी पॅनेल आणि इन्व्हर्टर दोन्ही पाच किलोवॅटचे त्याच वायरवर असते तर पावणेनऊ व्होल्ट चढले असते.

वायर जाड करूनही दुपारी २५३ ओलांडत असेल, तर मात्र लाइनीचंच व्होल्टेज जास्त आहे. डीपीजवळच्या घरांना हा त्रास असतो, आणि एकाच डीपीवर सोलरवाले वाढले की दुपारी तो वाढतो. तीन दिवस अकरा, एक आणि तीन वाजता मीटरपाशी घेतलेल्या रीडिंगचे फोटो अर्जाला जोडून वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात द्या आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप (त्याचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) खाली घ्यायला सांगा. काही कारागीर इन्व्हर्टरमध्ये दुसऱ्या देशाचं सेटिंग टाकून मर्यादा २६५ वर नेतात. इन्व्हर्टर चालतो, पण ते २६५ व्होल्ट तुमच्या फ्रिजलाही मिळतात.

सावलीच्या मुद्द्यात निम्मं खरं आहे. एका पॅनेलवर सावली पडली की सगळी माळ शून्य होते, असं मेसेज म्हणतो. तसं नाही. पॅनेलच्या मागच्या डबीत बहुधा तीन बायपास डायोड असतात. झाकलेला तिसरा हिस्सा वगळून करंट पुढे जातो. नुकसान होतं, शून्य होत नाही. मायक्रोइन्व्हर्टर चांगलेच असतात, पण सहा पॅनेलला ते महाग पडतात आणि दुरुस्ती करायची तर तापलेल्या पॅनेलखाली हात घालावा लागतो. आधी सावली मोजा, आणि मे महिन्यात मोजू नका. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांवरच असतो. पॅनेलपेक्षा दीड मीटर उंच टाकीची सावली तेव्हा सव्वा-दीड मीटर पडते, आणि सकाळी नऊला साडेतीन मीटरच्या आसपास. पुष्कळदा टाकी दुसऱ्या कोपऱ्यात हलवणं मायक्रोइन्व्हर्टरपेक्षा स्वस्त पडतं. जुन्या दोन पाखी घरात अर्धी पॅनेल पूर्वेला आणि अर्धी पश्चिमेला असतील तर दोन एमपीपीटी (प्रत्येक माळेतून जास्तीत जास्त वीज काढणारे वेगळे इनपुट) असलेला साधा इन्व्हर्टर घ्या, दोन माळा वेगवेगळ्या चालतात. शेजारच्या नारळाची झावळी दिवसभर सगळ्या गच्चीवर फिरत असेल, तर मात्र मायक्रो घ्या. तिथे मेसेज जिंकला.

एफिशिअन्सीचं लगेच उरकतो. ३ किलोवॅटला आपल्याकडे वर्षाला ४२००-४३०० युनिट धरा. ९७ आणि ९८ टक्क्यांतला फरक त्रेचाळीस युनिटांचा, पाचशे रुपयांच्या आतला. वाकडी बसवलेली दोन पॅनेल यापेक्षा जास्त खातात.

वॉरंटी १० वर्षं असावी, हो. पण पॅनेलच्या उत्पादनाची हमी पंचवीस वर्षांची असते, म्हणजे इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागणार हे धरूनच चाला. दुकानात दोन गोष्टी विचारा. सिरियल नंबर माझ्या नावावर नोंदवून देणार का? आणि बिघडल्यावर भिंतीवरून तो कोण उतरवणार, कोण पाठवणार, तोवर दुसरा लावणार का? योजनेतल्या विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते, पुढच्या पाच वर्षांचं कागदावर घ्या.

आणि तो लावतायत कुठे, ते उभं राहून बघा. पेटीवर आयपी ६५ असतं म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जात नाही. उन्हाचं त्यात काही नाही. बरेच इन्व्हर्टर भोवतालची हवा ४५ अंशांच्या वर गेली की आपणहून उत्पादन कमी करतात, आणि आतले कपॅसिटर उष्णतेनेच म्हातारे होतात. मिरजेच्या एका मावशींकडे तो पश्चिमेच्या भिंतीवर, भर उन्हात लावला होता. दुपारी तीनला हात टेकवत नव्हता. मी म्हटलं, मावशी, उत्तरेच्या भिंतीवर हलवू या. त्या म्हणाल्या, पुन्हा भोकं पाडायची नाहीत, नवा रंग आहे. शेवटी जुन्या पत्र्याचा तुकडा वर तिरका ठोकला, भिंतीपासून वीतभर सोडून, म्हणजे मागून वारा खेळता राहील. पत्रा त्यांच्याच अडगळीतला, खिळे माझ्या पिशवीतले.