तेवीस वॉचर्स म्हणजे तेवीस गिऱ्हाईकं!

आजोबांचं चावीचं एचएमटी जनता कपाटातून काढलंस, पुसलंस, ईबेवर लिलावाला चढवलंस. आता गिऱ्हाईक किती तापलंय ते बघायचंय? सोपं आहे, भावा. स्क्रीनवर जो आकडा सगळ्यात मोठा दिसेल, तोच खरा मान.

व्ह्यूज चाळीसवर गेले की पेढे वाट. त्यात दिवसातून दहादा उघडून बघणारा तू किती, मेव्हणा किती आणि तालमीच्या ग्रुपवर लिंक टाकल्यावर 'नाद खुळा' म्हणून परत गेलेले किती, ही वजाबाकी करू नकोस. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा बघे मोजून कुणी दर काढत नाही, पण ते पडले जुने व्यापारी. आपण डिजिटल.

मग वॉचर्स, म्हणजे वस्तूवर नजर ठेवून बसलेले. 23 जणांनी यादीत टाकलंय म्हणजे 23 गिऱ्हाईकं, विषय संपला. त्यातले काही तसलंच घड्याळ घेऊन बसलेले विक्रेते असतात, तुझं कितीला जातंय बघून आपला भाव लावणारे. काही जण नुसतेच विसरलेले. आणि जे खरोखर घेणार, ते शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत तोंड उघडत नाहीत. व्ह्यूजच नसतील तर शीर्षकात 'एचएमटी', 'जनता', '17 ज्वेल्स' हे शब्द नाहीत. व्ह्यूज आहेत पण वॉचर नाही, तर फोटो किंवा किंमत गंडलीय. वॉचर आहेत पण बोली नाही, तर सुरुवातीचा भाव नाहीतर टपालखर्च जड झालाय. हे सगळं तपासण्यापेक्षा 'लोकांना कदर नाही' म्हणणं जास्त सोयीचं.

आता बोली. इथं लोक उगाच डोकं लावतात. बोली लावणारा आपला कमाल आकडा गुपचूप भरून ठेवतो आणि साइट त्याच्या वतीनं गरजेपुरतंच वर चढते. एकानं 60 डॉलर भरले, दुसऱ्यानं 40, तर स्क्रीनवर दिसतात 41. 25 ते 100 डॉलरच्या टप्प्यात पायरी एक डॉलरची. म्हणजे दिसणारा भाव पहिल्याची हौस सांगत नाही, दुसऱ्याची ऐपत सांगतो. दुसरा आलाच नाही, तर 60 भरलेला गडी तुझ्या सुरुवातीच्या भावात, समज 99 सेंटला, घड्याळ घेऊन जातो. म्हणून मागणी पातळ असलेली वस्तू नेहमी 99 सेंटपासूनच सुरू कर. लई थरार!

फारच जीव खालीवर झाला तर मेव्हण्याच्या खात्यावरून बोली लावून भाव जरा ढकल. नियमात हे बसत नाही, घरच्यांनी लावलेली बोलीही चालत नाही, खातं बंद होऊ शकतं. पण तेवढं कोण बघतंय? 45, 50, 55 करत मेव्हण्यानं जोशात 70 भरले की 60 वाला गळतो आणि 61 डॉलरला घड्याळ परत घरातच. वर विक्रीची फी तुझ्या बोकांडी.

तसलीच घड्याळं खरोखर कितीला गेली, हे 'सोल्ड' फिल्टर लावला की गेल्या 90 दिवसांचं दिसतं. तिकडं फिरकू नकोस, मूड जातो. कुणीतरी 250 डॉलर मागत वर्षभर टांगून ठेवलेलं असतं, ते बघ. छाती फुगते.

मेसेज येतील. 'लास्ट प्राइस?' विचारणाऱ्याशी तासभर घासाघीस कर, तो कधीच घेत नाही. 'मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो टाका, डायल ओरिजिनल आहे का?' असं विचारणारा मात्र संशयी माणूस, त्याला टाळ. पुन्हा रंगवलेल्या डायलची घड्याळं बाजारात इतकी आहेत की संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हा बाबा फोटो मोठा करून बघणार: अक्षरं जाडसर आहेत का, मिनिटांच्या रेषा कडेला सरकल्यात का, रंग डायलच्या भोकांपाशी साचलाय का. एवढी चौकशी पैसे खिशात असलेलाच करतो म्हणा. तरी उत्तर एकच दे: '100% ओरिजिनल, ट्रस्ट मी.' फोटो नको.

लिलाव संपायची वेळही आपल्या सोयीची ठेव. दुपारी एक बरा, तांबडा-पांढरा ओरपून पडायच्या आधी. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. ईबेची भारतातली साइट 2018 मध्येच बंद झाली, गिऱ्हाईक आता बाहेरचंच. पण त्याला हवं तर गजर लावून उठेल. रविवारी रात्री नऊला, जेव्हा तिकडं माणसं निवांत असतात, तेव्हा संपवायचं तर आपल्याकडं सोमवारी सकाळी साडेसहाला उठावं लागतं. कोण उठतंय?

आणि जिंकलेला पैसे न भरता पळाला, तर दुसऱ्या नंबरच्याला त्याच्याच बोलीच्या भावात द्यायची सोय साइटवर असते. बटण दाबायचं, बास. पण ते दाबू नकोस. 40 डॉलर द्यायला जाहीरपणे तयार झालेला तो एकटाच होता, त्याला आता कशाला त्रास? घड्याळ नव्यानं चढव, सुरुवात थेट 75 पासून.