‘घाबरून सोडून गेले’?

कोविडच्या काळात वृद्धाश्रमांतले कर्मचारी ‘घाबरून काम सोडून गेले’ हे एका लेखातलं वाक्य खटकलं. मी 2020 साली अशाच एका ठिकाणी रात्रपाळीला होते. आमच्यातल्या बहुतेकजणी पळाल्या नव्हत्या, पॉझिटिव्ह येऊन विलगीकरणात पडल्या होत्या. बदली माणूस कोणी दिलाच नाही. माणसं मुळात कमीच होती, साथीने ते उघडं पाडलं इतकंच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. 22 जण आणि आम्ही दोघी. शेवटच्या खाटेपाशी पोचेस्तोवर पहिलीची वेळ पुन्हा झालेली असायची. एक आजी स्मृतिभ्रंशाच्या. मास्कमुळे मला ओळखायच्याच नाहीत, चमचा नेला की तोंड फिरवायच्या. मग लांब दारात उभी राहून मी मास्क क्षणभर खाली करायचे (नियमात बसत नव्हतं, माहीत आहे), तेव्हा कुठे घास घ्यायच्या. आणि ताप मोजून निर्धास्त राहायचीही सोय नव्हती. म्हाताऱ्या माणसांना कित्येकदा ताप येतच नाही, एकाएकी असंबद्ध बोलायला लागतात. ते कळायला रोजचं माणूस लागतं, आणि तेच तर घरी विलगीकरणात होतं.