किडनीला ‘आठ दिवस आराम’ देऊ नका

परवा पारोळ्याहून मामींचा फोन आला: मामांनी तीन दिवस टीबीच्या गोळ्या घेतलेल्याच नाहीत. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज. ‘टीबीच्या गोळ्या-इंजेक्शनं किडनी खातात. लघवी लाल झाली की किडनीतून रक्त जातंय समजा. दर महिन्याला आठ दिवस गोळ्या बंद ठेवून किडनीला आराम द्या, काढा घ्या.’ आमच्या गोतावळ्यातल्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा आलाय. पुढे ढकलणाऱ्यांनी आता तरी वाचावं.

“मन्ही किडनी गयी रे भाऊ,” मामा म्हणाले. मी गेलो तर त्यांच्या बनियनला काखेत नारिंगी डाग. किडनीतलं रक्त काखेत येईल का? तो रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग आहे. लघवी, घाम, अश्रू, सगळ्यांत उतरतो. गोळी थांबली की लघवी साफ होते आणि माणसाला वाटतं, मेसेज खरा निघाला.

आता आठ दिवसांचा आराम. संताप येतो तो याचा. रिफॅम्पिसिनने किडनीला इजा होते, क्वचित होते, हे मान्य. पण ती मुख्यतः कधी? औषध मध्येच सोडून पुन्हा सुरू केलं, नागा पाडत घेतलं, तेव्हा. शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार झालेली असतात, पुन्हा गोळी पोटात गेली की प्रतिक्रिया उसळते आणि किडनी तिच्या तडाख्यात सापडते. रुमानियातल्या डॉक्टरांनी 1998 मध्ये अशा 60 रुग्णांचा अभ्यास छापला, त्यातही हेच चित्र, आणि बहुतेकांची किडनी पुढे पूर्ववत झाली. म्हणजे हा मेसेज ज्याची भीती घालतो, तेच घडवायचा रस्ता सांगतो. शिवाय नागा पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आपल्याकडे एक दिवसाआड गोळ्या देण्याची पद्धत सोडून 2017 मध्ये देशभर रोजच्या गोळ्या सुरू केल्या, त्या उगाच नाही.

इंजेक्शनांबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठीचं कानामायसिन हे इंजेक्शन किडनीला आणि कानांना जड जायचं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच ते वापरू नका म्हटलं. साध्या टीबीच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांत ते नसतंच. काढ्याबद्दल काय बोलायचं!

लघवी कमी झाली, चहासारखी काळपट झाली, थंडी वाजून ताप आला, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. किडनी आधीच अधू असेल तर काही गोळ्यांचं वेळापत्रक बदलतात. ते डॉक्टरने ठरवायचं.

मामांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, केली, ठीक आली. गोळ्या डॉक्टरांच्या नजरेखाली पुन्हा सुरू झाल्या. राहिलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या ते एकदम घेऊन भरपाई करणार होते. मामींनी पाकीट हातातून काढून घेतलं.