दिवस गेलेत म्हणून खोकला अंगावर काढू नका

गरोदर बाईला खोकला लागला की आपल्याकडे घरोघरी दोनच गोष्टी होतात. एक तर "या दिवसांत औषध नको गं बाई, सोस थोडं" म्हणून तिला गप्प बसवतात, नाहीतर अडुळसा, ज्येष्ठमध, मिरी, लवंग असं हाताला लागेल ते टाकून काढ्याचं पातेलं गॅसवर चढतं. बार्शीकडच्या एका गावात मी मेडिकल चालवते आणि दोन्ही प्रकारांत बायकांचे हाल होताना बघते. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी काढ्याचं, कारण माझ्याशी सगळे भांडतात ते यावरूनच. "झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय?" होतं ना. अडुळशात वासिसिन नावाचा घटक असतो. तो कफ पातळ करतो हे खरंच आहे, ब्रोमहेक्सिन हे ॲलोपॅथीतलं औषध त्याच्यावरूनच तयार झालं. पण तोच वासिसिन गर्भाशयाचं आकुंचनही वाढवतो. म्हणून गरोदरपणात अडुळसा टाळायचा, मग तो परसातल्या पानांचा रस असो की बाटलीतलं आयुर्वेदिक सिरप. ज्येष्ठमधाची गोष्टही तशीच. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब चढतो आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. फिनलंडमध्ये लोक ज्येष्ठमधाच्या मिठाया आवडीने खातात. तिथे गरोदरपणी त्या भरपूर खाणाऱ्या बायकांमध्ये मुदतीआधी बाळंतपण होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि आता तिथे गरोदर बायकांना त्या टाळायला सांगतात. एखादी कांडी चघळली म्हणून जीव टांगणीला लावू नका, पण रोज दोन वेळा उकळून पिणं बंद करा.

साध्या सर्दी-खोकल्याला घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. कोमट पाणी पीत राहायचं, मिठाच्या गुळण्या करायच्या, चमचाभर मधात थोडा आल्याचा रस घ्यायचा, रात्री चिमूटभर हळद घातलेलं दूध प्यायचं. वाफ घ्यायची ती नुसत्या पाण्याची, त्यात कापूर नको. (मध आईने खावा, पण बाळाला वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही, बारशाला बोटभर चाटवायलासुद्धा नाही. शुगर निघाली असेल तर आईनेही डॉक्टरांना विचारूनच.) आडवं झालं की खोकला उसळत असेल तर बऱ्याचदा त्यामागे ॲसिडिटी असते. जेवल्यावर लगेच पडायचं नाही, उशाशी जरा उंच घ्यायचं. आणि खोकताना पोट हलतं म्हणून बाळाला इजा होत नाही. ते पाण्याच्या पिशवीत सुखरूप असतं.

आता बाटलीबद्दल. संध्याकाळी नवरा येतो, गाडी चालूच ठेवून रस्त्यावरून ओरडतो, "ताई, खोकल्याचं एखादं सिरप द्या." कुणासाठी, वय काय, बीपी आहे का, असं विचारत गेलं की शेवटी कळतं, पाचवा महिना चालू आहे. खरं तर हे सगळ्यात आधी सांगायचं! सिरपच्या लेबलवर बारीक अक्षरांत तीन-चार औषधांची नावं असतात. त्यात फेनिलेफ्रिन असेल तर त्याने रक्तदाब वाढू शकतो. कोडीन असेल आणि शेवटच्या महिन्यांत ते बरेच दिवस घेतलं गेलं तर जन्मल्यावर बाळाला त्रास होतो, श्वासही मंदावू शकतो. अंगदुखीसाठी सोबत मागितल्या जाणाऱ्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं. विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० साली दिला. ताप-अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. कोरड्या खोकल्यालाही चालणारी औषधं आहेत. कोणतं आणि कधी, ते डॉक्टर महिना बघून ठरवतात.

पण चुकीच्या बाटलीपेक्षाही मला जास्त भीती वाटते ती "सोस थोडं"ची. दम्याची पोरगी दिवस गेल्यावर सासूच्या सांगण्यावरून पंप बंद करते आणि रात्र रात्र बसून काढते. अहो, पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, रक्तात अगदी थोडं उतरतं. आईला दम लागला तर बाळाचाही प्राणवायू कमी पडतो. पंप बंद करायचा नाही.

दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन वाढायला हवं तेव्हा न वाढणं, बेडक्यात रक्त, ही टीबीची लक्षणं "गरोदरपणात अशक्तपणा असतोच" म्हणून झाकली जातात. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपयेही मिळतात. टीबीच्या नेहमीच्या गोळ्या गरोदरपणात देता येतात, नको असतं ते स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, त्याने बाळाच्या कानावर परिणाम होतो. छातीचा एक्स-रे डॉक्टरांनी सांगितला तर पोटात बाळ आहे म्हणून नकार देऊ नका, बाळापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेल्या कितीतरी मुली आपल्याकडे आहेत, त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि तो भार त्या झडपेला पेलत नाही. पडलं की खोकला, उठून बसलं की बरं, चार पायऱ्या चढल्या की धाप. हे सर्दीचं नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. खूप ताप, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. फ्लू गरोदर बाईला जास्त जड जातो, २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत ते दिसलंच. त्याची लस गरोदरपणात घेता येते, तपासणीला जाल तेव्हा स्वतःहून विचारा.

आणि नवरे मंडळींनो, बायकोचं माता-बाल संरक्षण कार्ड असतं ना, त्याच्या पानांचे फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. मेडिकलवर आलात की आधी ते दाखवा, मग औषधाचं नाव सांगा.